शमीम, तुझं ‘रिपीट’चं पान

शमीम, शाळेच्या फळ्यावर तुझं नाव मी लिहिलं नाही.

काल सकाळी शिपाई रंगीत खडूंचा डबा घेऊन माझ्या टेबलापाशी आला. माझं अक्षर बरं, म्हणून शाळेतलं कोणी गेलं की फळा माझ्याकडे येतो. वर दिवा काढायचा, दोन्ही बाजूंना वेल, मधोमध ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. मी म्हटलं, मी नाही लिहिणार. तो म्हणाला, “मंग कोन लिहीन मॅडम?” मी म्हटलं, ज्याला घाई आहे तो लिहील. शेवटी चित्रकलेच्या सरांनी लिहिलं. वेल झकास जमली होती. तू असतीस तर म्हणाली असतीस, एवढ्या खडूत माझे दोन तास झाले असते.

तुला जाऊन सहा दिवस झाले. मला रडू येतं तेवढाच रागही येतो, हे आधीच सांगून टाकते. पाच दिवसांचा ताप. माणूस पाच दिवसांत काय आवरणार? परीक्षा तीन आठवड्यांवर, अकरा पोरं अर्ध्या पुस्तकावर, आणि तू निघून गेलीस. तू आयुष्यात कुठलंही काम अर्धवट टाकलं नाहीस, आणि टाकलंस तेव्हा हे टाकलंस. वरून मला तुझ्यासोबत शेवटपर्यंत येताही आलं नाही. कब्रस्तानात बायका जात नाहीत. आमच्याकडे स्मशानात जात नाहीत. बावीस वर्षं आपण दोघी दोन्हीकडच्या रीतीभातींवर तोंडसुख घेत आलो, आणि वेळ आली तेव्हा मी तुझ्या वहिनीजवळ सतरंजीवर मुकाट बसून राहिले. 

तुझे भाऊ अजीजभाई शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान चालवतात, त्या दुकानाच्या मागच्या खोलीत शाळा सुटल्यावरचा तुझा तो वर्ग. मार्चमध्ये दहावीला आपटलेली पोरं तिथे यायची, तुला आपा आणि अजीजभाईंना चाचा म्हणायची. सगळा गाव त्याला ‘रिपीटर क्लास’ म्हणायचा. तुला मी शंभरदा सांगितलं, निदान नाव तरी बरं ठेव. ‘प्रगती’ ठेव, ‘यश’ ठेव. तू म्हणायचीस, “लोकं ज्या नावानं हाका मारतात नं नलू, थे नाव पयले आपल्या वहीत आनाचं. मंग त्याचं भेव वाटत नाही.”

म्हणून दर वर्षी पहिल्या दिवशी तू त्यांना शिकवायचीस तो शब्द एकच. रिपीट.

तुझी शिकवायची तऱ्हाच उलटी होती. इंग्रजी शब्द फळ्यावर लिहायचा, अर्थ सांगायचा नाही. पोरांनी घरी जायचं, आणि आपल्या घरात त्याला काय म्हणतात, कोण म्हणतं, कधी म्हणतं, ते घेऊन यायचं. आणलेला शब्द तुझ्या त्या लांबलचक रजिस्टरात आणणाऱ्याच्या नावानिशी चढायचा. डिक्शनरीतला अर्थ सगळ्यात शेवटी, पाहुण्याला वाढावा तसा. एका शब्दाला तुझे आठ आठ दिवस जायचे. मी डोक्याला हात लावायचे. अशानं अभ्यासक्रम केव्हा संपणार?

‘रिपीट’चं पान मात्र कधी संपलंच नाही. दर वर्षी नवे शब्द येत गेले आणि तू कागद चिकटवत गेलीस. काल अजीजभाईंनी ते रजिस्टर माझ्या हातात दिलं. मी पुन्हा वाचलं. म्हणजे बघ, कोणत्या कोणत्या घरांत शिरून आली होती तुझी पोरं.

‘डबल’ आहे. डबल सांग, डबल ये. त्यावर आपलं भांडण झालं होतं. मी म्हटलं, अगं तो इंग्रजीच शब्द, इंग्रजीचा अर्थ इंग्रजीत काय देतेस? तू म्हणालीस, त्या पोराच्या आजीने इंग्रजीचं एक अक्षर पाहिलेलं नाही आणि ती दिवसातून वीसदा डबल म्हणते, तर तो शब्द आजीचा झाला. ‘वापस’ आहे. ‘फिरून’ आहे. ‘घोकणं’ आहे, पुढे कोणीतरी लिहिलंय, मोठा भाऊ पोलीसभरतीसाठी करतो. ‘री ओढणं’ आहे, सरपंचाच्या मागे बसणारे करतात. ‘पालुपद’ माझ्याकडून घेतलेला, त्याच्यापुढे तू कंसात लिहिलंस, नलू मॅडमचं मुलांच्या हस्ताक्षराबद्दलचं बोलणं. एका कोलाम पोरीने तिच्या घरचा शब्द आणला होता. तो देवनागरीत कसा लिहायचा यावर आपण दोघींनी मधली सुट्टी घालवली आणि त्यासाठी शाळेत बोलावलेली ती पोर डबा खात आपल्याकडे बघत राहिली.

मारेगावकडचा तो काटकुळा पोरगा आठवतो? इंग्रजीत अकरा मार्क. त्याने उभं राहून सांगितलं होतं, “रिपीट म्हंजे दुबार. पयलं बी उगवलं नाही त पराटी दुबार लावा लागते.” वर्ग हसला. त्याला हसण्याचं कारण कळेना. तो म्हणाला, “दुबार करते त्याले कोनी नापास नाही म्हनत. पान्यानं दगा देला म्हनतात.” त्या वर्षी अर्ध्या जिल्ह्यात कपाशीची पेरणी दुबार झाली होती, काहींची तिबार. तू त्याचं वाक्य जसंच्या तसं रजिस्टरात उतरवून घेतलंस आणि शाळेत आल्यावर माझ्यासमोर आपटलंस. “वाच. अकरा मार्कवाला हाय.” मी वाचलं आणि म्हटलं, पेरणी वेगळी, परीक्षा वेगळी. बोर्डाच्या पेपरात दुबार लिहिलं तर शून्य मिळेल. तू म्हणालीस, “पेपरासाठी एक शब्द पुरते. घरी वापस जाऊन जगाले बाकीचे लागतात.”

या वाक्यावर मी अजूनही तुझ्याशी सहमत नाही, पण ते विसरलेही नाही.

मलाही सोडलं नाहीस. तुझ्या घरी काय म्हणायचे, सांग. मी म्हटलं, आमच्या घरी कचेरी. वडील तहसिलीत कारकून, फेरतपासणी, फेरसुनावणी, फेरअर्ज हेच शब्द जेवताना कानावर पडायचे. “थे कचेरीचे झाले. तुया कोनते?” मग मला आठवलं. दिवेलागणीला आम्ही भावंडं ओळीने बसून परवचा म्हणायचो. पाढे, पावकी, निमकी, अडीचकी. रोज तेच. पाठ असलेलंच म्हणायचं, आणि नाही चुकलं तरी उद्या पुन्हा म्हणायचं. तू ऐकत राहिलीस आणि म्हणालीस, “याले आमच्यात आमोख्ता म्हनतात.” तुझे अब्बा मशिनींना तेल घालता घालता तुझा मागचा धडा तुझ्याकडून म्हणवून घ्यायचे. एक ओळ अडखळली की पहिल्यापासून. म्हणजे तुझ्या गल्लीत तू आणि माझ्या गल्लीत मी, संध्याकाळच्या त्याच वेळेला तेच करत होतो. तू परवचा आणि आमोख्ता एका ओळीत लिहिलेस, आणि मला विचारलंस, “मंग मले सांग, ज्याले येते थ्यानंच रोज वापस म्हनाचं होतं नं? ह्या पोराईनं वापस म्हटलं त त्याची लाज कायले?”

मी म्हटलं, तास झाला, चल.

माझी आई विसरायला लागली ती दोन वर्षं तुझ्याशिवाय मी काढली नसती. हे तुला कधी म्हणाले नाही, आता म्हणते. आई दिवसभर एकच विचारायची, “जेवलीस का गं?” मी पाच वेळा हो म्हणायचे, सहाव्यांदा खेकसायचे. मग ती घाबरून भिंतीकडे तोंड करून निजायची, आणि मला स्वतःची लाज वाटायची. तू रविवारी यायचीस. तुला विचारायची, जेवलीस का गं? तू म्हणायचीस, “हो मावशी, भाजी-भाकर खाल्ली.” दोन मिनिटांनी पुन्हा. “हो मावशी, बिर्याणी खाल्ली.” मग वांग्याचं भरीत, मग पुरणपोळी, मग शिरखुर्मा. आई प्रत्येक वेळी नव्याने खूश. तास दीड तासात तू तिला अख्ख्या गावाचं जेवण सांगून टाकायचीस. एकदा ती मला म्हणाली, “ही तुझी मैत्रीण किती खाते गं, तरी अशी कशी बारीक?” त्या दिवशी मी खूप दिवसांनी हसले. 

मी अशी तेच ते ऐकून चिडणारी, आणि तू त्यातून दर वेळी नवीन काहीतरी काढणारी. म्हणून आपलं जमलं, आणि म्हणूनच वंदनावरून फाटलं.

आता ती गोष्ट. तू समोर असताना मी ती नेहमी बगल देऊन सांगितली. आज सरळ सांगते.

आपल्या शाळेचा निकाल चार वर्षं वर चढत होता, याचं सगळ्यांना कौतुक होतं. तो कसा चढत होता, हे स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत होतं. दहावीचा वर्ग माझा. जून-जुलैतच मला कळायचं, कोण अडकणार. त्या पोरांच्या आईबापांना मी बोलावून घ्यायचे. गोड बोलायचे. “तुमच्या मुलीला घरची कामं असतात, रोज शाळेत येणं होत नाही. त्यापेक्षा सतरा नंबरचा फॉर्म भरा. बाहेरून बसेल, हजेरीची कटकट नाही.” माणसं हात जोडून माझे आभार मानायची. मुलगी बाहेरून बसली की नापास झाली तरी शाळेच्या नावावर नाही. कागदोपत्री सगळं बरोबर. कोणी सांगितलं नव्हतं मला हे करायला. पहिल्या वर्षी मीच सुचवलं, आणि मुख्याध्यापक म्हणाले, “वा मॅडम.”

वंदना केळापूरच्या पलीकडच्या खेड्यातली. नववीत असताना दिवाळीनंतर तिच्या बापाने फवारणीचं औषध घेतलं. त्या वर्षांत अशा घरांपुढे गाड्या उभ्या राहायच्या. कॅमेरे यायचे, वह्या यायच्या, आणि मग पुढच्या घरी जायच्या. वंदना कापूस वेचणीला, पुढे निंदणीला जायला लागली. दहावीच्या सुरुवातीला महिन्यात आठ दिवस शाळेत आली असेल. मी तिच्या आईला बोलावलं आणि माझं नेहमीचं भाषण केलं. त्या बाईने फॉर्मवर अंगठा दिला.

तुला कळलं तेव्हा तू भर स्टाफरूममध्ये माझ्या टेबलापाशी आलीस. ओरडली नाहीस. ओरडली असतीस तर बरं झालं असतं. म्हणालीस, “नलू, तिच्या घरून एक मानूस गेला, आन तू तिले शाळेतूनई काढलं?” मी म्हटलं, काढलेलं नाही, सोय केली आहे. तू म्हणालीस, “कोनाची?”

मी चिडले. जे खरं असतं त्यानेच माणूस चिडतो. मी म्हटलं, तुझा वर्ग म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी आहे, दर वर्षी ओततेस आणि दर वर्षी वाहून जातं. त्यावर तू म्हणालीस, “मंग घडा सीधा कर नं. थो पालथा कोनं केला, हे त पाह्य.”

त्यानंतर अकरा महिने आपण बोललो नाही. टेबलाला टेबल लागून. तू म्हणायचीस, “शेंडे सर, नलिनी मॅडमले सांगा, त्याईची छत्री पडली.” मी म्हणायचे, “शेंडे सर, सांगा, दिसली.” बिचारे शेंडे सर. तुझ्या मय्यतीला ते माझ्या आधी रडले. 

पण रजिस्टर यायचं. ते थांबलं नाही. दर शनिवारी तुझ्या वर्गातलं कोणीतरी ते माझ्या घरी आणून द्यायचं, आणि मी लाल पेनाने चुका काढून परत पाठवायचे. ना तुझी चिठ्ठी, ना माझी. तू चुकीचं स्पेलिंग मुद्दाम ठेवतेस असा मला संशय यायचा. अकरा महिने आपण तेवढ्यावर काढले.

वंदना मार्चला बाहेरून बसली आणि इंग्रजीत गेली. जूनमध्ये तुझ्या मागच्या खोलीत आली. पहिला शब्द तिलाही तोच. आणि त्या शनिवारी माझ्याकडे जे पान आलं त्यात तिच्या नावापुढे तिच्या अक्षरात लिहिलं होतं: “रिपीट. टीवीवाले आईले म्हनत, ताई, एकदा रिपीट करा, आवाज नीट आला नाही. आई वापस सांगे. बाबा कुठं पडून होते थे. वापस रडे. मंग दुसरे आले का वापस.”

शमीम, मी पेन हातात घेऊन बसले. ‘म्हनत’ला काना मात्रा काही करता येईना. मी गोड बोलून फॉर्मवर अंगठा घेतला तेव्हा त्या बाईचं इतक्या जणांना इतक्यांदा तेच सांगून झालेलं होतं. मी तिला गाठणारी आणखी एक. फरक एवढाच की मी तिला काही सांगूही दिलं नाही. रजिस्टर दोन दिवस माझ्याकडे राहिलं, आणि मी ते एकही खूण न करता परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी तू दारात उभी. अकरा महिन्यांनी. “काहून वं, लाल पेन संपला काय?”

मी तुला आत घेतलं. चहा केला. आपण पावसाबद्दल बोललो, अजीजभाईच्या गुडघ्याबद्दल बोललो, नवीन पुस्तकातल्या कवितांना नावं ठेवली. तू वंदनाचं नाव काढलं नाहीस. मीही काढलं नाही. मी चुकले, एवढे दोन शब्द होते. ओठांवर होते म्हणणार नाही, इतके वर आलेच नव्हते ते. मला वाटलं, तुला कळलंय, मग बोलायला कशाला हवं? बोलायला हवं होतं. तुला ऐकायचं होतं की नाही हे मला माहीत नाही, पण मला म्हणायचं होतं. 

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी मी यवतमाळला आले. तुझ्या हाताला सलाईन, आणि तू वहिनीला सांगत होतीस की उशी बदल, ही उशी नाही, गोटा हाय. मला म्हणालीस, “बस. एक काम हाय. क्लास घेशीन काय, मी येतवरी?”

मी म्हटलं, “बरी हो आणि तूच घे.”

“तुले हो म्हनाले काय होते वं?”

मी म्हटलं, मला शाळेचंच एवढं आहे. खोटं बोलले. समोरच्या रांगेत वंदना बसत होती, म्हणून मला तिथे उभं राहायचं नव्हतं. तू माझ्याकडे बघून हसलीस. मला वाटलं, तापात हसतेय. तू डोळे मिटलेस आणि मी बसची वेळ झाली म्हणून उठले. आपलं शेवटचं बोलणं हे. काय म्हणायचं याला?

तर काल श्रद्धांजलीची सभा झाली. बसले होते मी मागे. पहिल्या वक्त्याने सांगितलं, कधीही भरून न येणारी पोकळी. दुसऱ्याने सांगितलं, पोकळी. तिसऱ्याने सुरुवातच केली, माझ्या आधीच्या वक्त्यांनी म्हटल्याप्रमाणे. मी मनात म्हटलं, शमीमच्या रजिस्टरात याला री ओढणं म्हणतात. मुख्याध्यापक म्हणाले, मॅडमनी समाजातल्या नापास, दुर्लक्षित विद्यार्थ्यांसाठी आयुष्य वेचलं. कोणी दुर्लक्षित केलं हे ते बोलले नाहीत, आणि मी इकडे तिकडे बघितलं तर कोणाच्याच चेहऱ्यावर काही नव्हतं. मला बोलायला सांगितलं. मी उठले आणि म्हटलं, मला बोलायचं नाही. खाली बसले. लोकांना वाटलं, मैत्रीण, दाटून आलं असेल.

सभा संपल्यावर मुख्याध्यापकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. “मॅडम, वेळ बरी नाही, समजतं मला. पण फॉर्मची तारीख जवळ आली.” टेबलावर कागद. सात नावं. “ह्या वर्षीचे सतरा नंबरवाले. पालक तुमचंच ऐकतात.”

मी कागद वाचला. सातही पोरं माझ्या वर्गातली. त्यातला एक परवाच मला विचारत होता, गॅदरिंगमध्ये नाटक असते का मॅडम.

“मी सांगणार नाही कोणाला,” मी म्हटलं.

“मग काय करायचं?”

“वर्गात बसतील. शाळेच्या नावाने परीक्षा देतील.”

“निकाल पडन मॅडम.”

“पडेल तेवढा पडू द्या.”

वाईट माणूस नाही तो, तुलाही माहीत आहे. हळूच म्हणाले, “राग नका मानू. पन हे सुरू तुम्हीच केलं होतं.”

खरं होतं. मी म्हटलं, “हो सर. सुरू मी केलं, बंदही मीच करते. तुम्हाला दुसरा वर्गशिक्षक नेमायचा असेल तर नेमा, मी त्या सातही घरी जाऊन सांगून येईन की सही करू नका.” कागद त्यांच्याकडे सरकवला आणि उठले. बाहेर आल्यावर बरं वाटलं. इतकं बरं मला सहा दिवसांत वाटलं नव्हतं.

तशीच चालत अजीजभाईच्या दुकानी गेले. शटर अर्धं खाली होतं. ते आत एका मशीनचं डोकं उघडून बसले होते, करत काही नव्हते. मला म्हणाले, “पोरं दोन दिवसापासून येऊन राह्यले ताई. मी वापस पाठवून राह्यलो. आजई आले. आज मले पाठवनं नाही झालं. मांगं बसले हायेत.”

मी आत गेले. अकराच्या अकरा. कोणी फळा पुसला नव्हता, तुझं अक्षर तसंच होतं, ज्या ओळीवर तू उठून गेलीस ती ओळ. मी ते पुसलं. आधी पुसलं, मग वळले, कारण आधी वळले असते तर पुसवलं नसतं. 

वंदना उभी राहिली. उंच झाली आहे. हात खरबरीत, बोटांच्या टोकांना मागच्या वेचणीचे वण.

“तुम्ही शिकवसान?”

“हो.”

“काहून?”

मी म्हटलं, “वंदना, मागच्या वर्षी तुझ्या आईला मी सांगितलं की सतरा नंबरचा फॉर्म तुझ्या भल्याचा आहे. तो तुझ्या भल्याचा नव्हता. शाळेचा निकाल चांगला दिसावा म्हणून होता. मी खोटं बोलले. मी चुकले. तुझ्या आईलाही मी येऊन सांगणार आहे.”

शिक्षिका झाल्यापासून कुठल्या वर्गासमोर मी असं बोलले नव्हते. एक पोरगा नखाने बाक खरवडत होता. मला वाटलं, आता ही पोरगी दप्तर उचलून जाईल, आणि तिच्यामागे सगळी जातील, आणि ते बरोबरच होईल.

वंदना म्हणाली, “मले माहीत होतं.” मग म्हणाली, “आईले नका सांगू. तिले लय जनाईनं येऊन सांगतलं. मी सांगीन.” आणि खाली बसली. वही उघडली. मान वर न करता बोलली, “आपानं सांगतलं होतं तुम्ही येसान म्हून.”

“केव्हा?”

“भरती झाल्या त्याच दिवशी. चाचाच्या फोनवरून बोलल्या सगळ्याईसंग. म्हने, नलू मॅडम येतीन. पयले नाही म्हनतीन, भांडतीन, मंग येतीन. तवरिक ग्रामर करून ठेवा.”

भरती झालीस त्याच दिवशी. आणि मला विचारलंस तिसऱ्या दिवशी.

शमीम, तुझ्यावर इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. बावीस वर्षांत माझ्या एका ‘नाही’ला तू किंमत दिली नाहीस, आणि मरतानाही दिली नाहीस. मी तिथेच खुर्चीवर बसले आणि त्या अकरा पोरांसमोर रडले, तू गेल्यापासून पहिल्यांदाच असं मोठ्याने. पोरं खाली मान घालून बसली. मग वंदनाने पुस्तक उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि पानावर बोट ठेवलं, इथवर झालं म्हणून.

एक गोष्ट नीट ऐकून घे. मी तू सांगितलंस म्हणून आलेली नाही. मी माझी माझी आले. आणि तू पोरांना काहीही सांगितलेलं असू दे, माझ्या पद्धतीने शिकवणार, एका शब्दाला आठ दिवस देणार नाही. तीन देईन. वंदना ऑक्टोबरच्या परीक्षेत निघेल की नाही, मला माहीत नाही. कच्ची आहे, आणि आता वेचणी सुरू होईल. नाही निघाली तर मार्चला बसेल, मार्चला नाही तर पुन्हा ऑक्टोबरला, आणि दर वेळी तिच्यासमोर मी उभी असेन.